मापाची छिद्रे : रंगाच्या पाण्यासाठी कोळसा घडवताना

करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशाची, म्हणजे बारीक छिद्रे मोकळी करून शोषक बनवलेल्या कोळशाची, प्रत आयोडीन अंकावरून ठरवली जाते. एक ग्रॅम कोळसा किती मिलिग्रॅम आयोडीन शोषून घेतो ते हा अंक सांगतो, आणि चांगल्या मालात तो ९०० ते ११०० च्या दरम्यान असतो. अशा कोळशाचे अंतर्गत पृष्ठफळही ग्रॅममागे साधारण एक हजार चौरस मीटर भरते. एका ग्रॅममध्ये जवळजवळ दहा गुंठे जमीन सामावली आहे असे म्हटले तरी हिशेब चुकत नाही. पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन आणि वास काढण्यासाठी हा कोळसा उत्तम आहे, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु सुती कापड रंगवल्यानंतर जे पाणी बाहेर पडते त्यावर मी काम सुरू केले, तेव्हा या दहा गुंठ्यांपैकी बहुतेक जागेपर्यंत रंगाचा रेणू पोचतच नाही हे लवकरच लक्षात आले. पुढचे सगळे काम त्या एका निरीक्षणातून उभे राहिले.

सुती कापडासाठी आज प्रामुख्याने रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हा रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून तो पक्का असतो. पण रंगणीच्या वेळी त्यातील काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून निकामी होतो, आणि तो पुन्हा वापरता येत नसल्याने सांडपाण्यात जातो. काळ्या छटेसाठी सर्रास वापरला जाणारा ‘रिॲक्टिव्ह ब्लॅक ५’ घेतला, तर त्याचे रेणुभार ९९२ च्या आसपास आहे आणि रेणूची लांब बाजू २ नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) अधिक आहे. करवंटीच्या कोळशातील बहुसंख्य छिद्रे २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद असतात. आयोडीनचा रेणू त्यांत सहज शिरतो, मेथिलिन ब्लू हा त्याहून मोठ्या रेणूचा निळा रंग जरा अडखळत शिरतो, आणि हा काळा रंग दारातच थांबतो. तिन्ही द्रावणे एकाच कोळशाबरोबर ढवळून पाहिली की हा फरक कोणालाही डोळ्यांनी दिसतो. पहिली बाटली स्वच्छ होते, दुसरी निवळते, तिसरी दुसऱ्या दिवशीही शाईसारखीच असते.

छिद्रांची विभागणी रसायनशास्त्रात ठरलेली आहे : २ नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म, २ ते ५० पर्यंतची मध्यम आणि त्याहून मोठी ती स्थूल. मला मध्यम छिद्रे भरपूर हवी होती, आणि तीही एका मापाची. करवंटीत ती सहजी मिळत नाहीत, कारण तिथे रचना झाडाने आधीच ठरवून ठेवलेली असते. आपण तिला जाळून, वाफ देऊन थोडीफार मोकळी करतो इतकेच. रचना आपण ठरवायची असेल तर आधी सच्छिद्र पॉलिमर, म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून केलेले जाळे, बांधावे आणि मग त्याचा कोळसा करावा, हा मार्ग आहे. असे जाळे द्रवाने भरलेले असते तेव्हा त्याला जेल म्हणतात; द्रव काढून टाकूनही जेलचा सांगाडा शाबूत ठेवता येतो, हे सॅम्युअल किस्टलर यांनी १९३१ मध्ये दाखवले होते. रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून असा सेंद्रिय जेल करण्याची पद्धत रिचर्ड पेकाला यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून प्रसिद्ध केली. मी तीच पद्धत आधाराला घेतली.

कृती ऐकायला सोपी आहे. पांढरे, पाण्यात चटकन विरघळणारे रिसॉर्सिनॉल तोलून पाण्यात घालायचे, त्यात अगदी थोडा सोडियम कार्बोनेट घालायचा आणि मग फॉर्मॅलिन (फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण), असे की रिसॉर्सिनॉलच्या प्रत्येक रेणूमागे फॉर्माल्डिहाइडचे दोन रेणू यावेत. कार्बोनेट रिसॉर्सिनॉलमधून प्रोटॉन ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या रेणूतील कर्बाचे कडे (वलय) अधिक क्रियाशील होते. फॉर्माल्डिहाइड त्यावर हात फुटल्यासारखे जोडले जाते, आणि पुढे उष्णतेने हे हात एकमेकांत गुंतून जाळे तयार होते. फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य म्हणून निश्चित वर्गीकृत आहे, म्हणून बाटली उघडण्यापासून जेल घट्ट होईपर्यंतचे सारे काम फ्यूम हूडच्या, म्हणजे घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, काचेमागेच करायचे, हा नियम आमच्या प्रयोगशाळेत कोणासाठीही शिथिल होत नसे.

खरी किल्ली रिसॉर्सिनॉल आणि कार्बोनेट यांच्या प्रमाणात, म्हणजे कार्बोनेटच्या एका रेणूमागे रिसॉर्सिनॉलचे किती रेणू यात, आहे. कार्बोनेट जास्त असेल, म्हणजे हे प्रमाण ५० च्या आसपास असेल, तर द्रावणात एकाच वेळी असंख्य केंद्रे तयार होतात, त्यांतून अगदी बारीक कण वाढतात आणि कणांच्या मधल्या जागाही तितक्याच बारीक राहतात. कार्बोनेट कमी करत प्रमाण काहीशेवर नेले की केंद्रे थोडी, कण मोठे आणि मधल्या जागाही मोठ्या होतात. छिद्र म्हणजे या कणांच्या मधली मोकळी जागा, हे एकदा समजले की पुढचे सगळे निर्णय सुटे होतात. द्रावणाचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल वा अल्क आहे ते सांगणारा आकडा, मी दर वेळी मोजून लिहून ठेवत असे, कारण फॉर्मॅलिनची बाटली जुनी झाली की तिच्यात फॉर्मिक आम्ल वाढते, आणि वजने तंतोतंत तीच घेऊनही जेल वेगळा निघतो. कागदावरच्या प्रमाणापेक्षा पीएच मीटरवरचा आकडा अधिक विश्वासाचा, असे माझे मत बनले ते इथेच.

झाकण घट्ट लावलेल्या काचेच्या बाटल्या ८० ते ८५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायच्या. सुरुवातीला पाण्यासारखे निर्मळ असलेले द्रावण पिवळसर, मग नारिंगी, मग विटकरी होते, आणि बाटली तिरकी केली तरी पातळी हलत नाही अशी वेळ येते. ही जेल बनण्याची वेळ. पण काम तिथे संपत नाही. जाळ्यात अजून सुटी टोके असतात आणि ती जुळण्यासाठी आणखी दोन-तीन दिवस त्याच तापमानात बाटली तशीच राहू द्यावी लागते. घाई करून लवकर काढलेला जेल बोटाने दाबला तर लोण्यासारखा दबतो, आणि असा जेल पुढच्या टप्प्यात टिकत नाही. पुरता पिकलेला जेल गडद लालसर तपकिरी, ताठ आणि किंचित लवचीक असतो.

यानंतर वाळवणे येते, आणि या संपूर्ण प्रक्रियेत मला सर्वांत मोलाचा टप्पा हाच वाटतो. छिद्रात पाणी भरलेले असते. पाणी उडू लागले की प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी द्रवाचा वक्र पृष्ठभाग तयार होतो आणि पृष्ठताणामुळे तो भिंतींना आत ओढतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन धरला, तर १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात हा ओढा सुमारे १४० वातावरणांइतका भरतो. एवढ्या दाबाखाली बारीक कणांचे जाळे सरळ मिटून जाते. कार्बोनेट भरपूर घातलेला जेल मी मुद्दाम तसाच उघड्यावर वाळवून पाहिला, तेव्हा तो आक्रसून काचेसारखा चकचकीत, काळपट आणि ठोकळ तुकडा झाला, ज्याच्यात मोजण्याजोगे छिद्रच उरले नव्हते. रसायनशास्त्राने बांधलेली इमारत नुसत्या पाण्याच्या जाण्याने कोसळते, हे प्रत्यक्ष पाहणे फार शिकवणारे होते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, द्रव कार्बन डायऑक्साइड भरून त्याला ३१ अंश आणि ७४ बार या सीमेपलीकडे न्यायचे, म्हणजे द्रव आणि वायू यांतला पृष्ठभागच नाहीसा होतो; सांगाडा उत्तम राहतो, पण त्यासाठी उच्च दाबाचे भांडे लागते आणि टनावारी माल करायचा तर तो खर्च रंगाच्या सांडपाण्याला परवडत नाही. दुसरा, टर्शरी ब्युटेनॉल भरून गोठवायचे आणि निर्वातात घनरूपातूनच उडवायचे. तिसरा, पाण्याच्या जागी ॲसिटोन भरून साध्या हवेत हळूहळू वाळवायचे. ॲसिटोनचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एकतृतीयांश आहे, त्यामुळे ओढाही एकतृतीयांशावर येतो. मी तिसरा मार्ग निवडला आणि त्याला अनुरूप असा जेल बांधला : कार्बोनेट कमी, कण मोठे, भिंती जाड, म्हणजे उरलेला ओढा सोसण्याचे बळ जाळ्यातच यावे. ॲसिटोन दिवसातून एकदा बदलत राहायचे आणि बाहेर येणाऱ्या द्रवात पाणी उरले नाही असे दिसेपर्यंत थांबायचे. या कामात करण्यासारखे फारसे काही नसते, फक्त धीर लागतो. पण आतल्या गाभ्यात पाणी राहिले तर बाहेरचा थर मोकळा आणि आतला मिटलेला असा दुहेरी तुकडा हाती येतो, म्हणून धीराला पर्याय नाही.

इथवर मी जेल बाटलीच्या आकाराच्या कांडीत करत होते आणि नंतर तो कुटून, भुकटी करून तपासत होते. भुकटी रंग पटकन खात होती आणि निकाल कागदावर देखणे दिसत होते. सांडपाण्याचे नमुने आणण्यासाठी मी इचलकरंजीच्या ज्या प्रोसेस हाउसमध्ये (कापड रंगवण्याच्या कारखान्यात) जात असे, तिथल्या जुन्या फोरमन मामांनी ती भुकटी हातात घेऊन जे विचारले, ते कोणत्याही समीक्षकाने विचारले नव्हते. “ताई, रंग खातोय ते बघितलं. पण टाकीतनं पाणी खाली उतरायला पाहिजे की. भुकटी तळाला बसली, की आमचा पंप बसला.” त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. भुकटीच्या थरातून पाणी जायचे तर दाब प्रचंड लागतो, आणि ढवळून वापरली तर ती पाण्यातून वेगळी काढणे हेच एक नवे काम होऊन बसते. उपयोगी पडायचे असेल तर कोळशाला आतल्या छिद्रांइतकाच बाहेरचा आकारही हवा.

म्हणून मी जेल मण्यांच्या रूपात करण्याकडे वळले. रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइडचे द्रावण गरम करून किंचित दाटसर होऊ द्यायचे, आणि ते जेल होण्याच्या आत, गरम द्रव पॅराफिनमध्ये ‘स्पॅन ८०’ हे पृष्ठक्रियाशील द्रव्य घालून सतत ढवळत असताना धारेने सोडायचे. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, त्यामुळे द्रावणाचे गोल थेंब होतात आणि थेंब तसेच्या तसे घट्ट होऊन मणी बनतात. ढवळण्याचा वेग वाढवला की मणी बारीक होतात, कमी केला की मोठे. द्रावण फार पातळ असताना सोडले तर थेंब एकमेकांना चिकटून गोळा होतो, आणि फार दाट झाल्यावर सोडले तर वेडेवाकडे तुकडे पडतात. मधला काही मिनिटांचा काळ पकडावा लागतो, आणि तो ढवळणीच्या दांडीवरून ओघळणाऱ्या धारेकडे पाहूनच कळू लागतो. मणी तयार झाल्यावर हेक्झेनने तेल धुऊन काढायचे, मग नेहमीप्रमाणे ॲसिटोन, मग वाळवण. लहान मण्यातून पाणी आणि ॲसिटोन यांची अदलाबदल कांडीपेक्षा कितीतरी लवकर होते, हा एक न मागता मिळालेला लाभ.

वाळलेले तपकिरी मणी हे स्वतःच एक उपयोगी सच्छिद्र पॉलिमर आहे. त्यांच्यावरील हायड्रॉक्सिल गट काही धातूंचे आयन धरतात. परंतु सांडपाणी कडक अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात दीर्घकाळ टिकण्यासाठी, तसेच पुढे पुन्हा पुन्हा धुता येण्यासाठी, मला कोळसाच हवा होता.

कोळसा करण्याचे काम नळीच्या भट्टीत होते. क्वार्ट्झच्या नळीत मण्यांची नौका ठेवून, नायट्रोजन सोडून, आतली हवा पूर्ण बाहेर काढल्याशिवाय भट्टी सुरू करायची नाही, हा पहिला नियम. तापमान मिनिटाला दोन-तीन अंशांपेक्षा वेगाने चढवू नये. सुरुवातीला अडकलेले पाणी आणि ॲसिटोन निघते. ३०० अंशांच्या पुढे बंध तुटू लागतात, फिनॉलचा उग्र वास असलेली वाफ आणि वायू बाहेर पडतात, आणि नळीच्या थंड टोकाला पिवळट-तपकिरी डांबर जमू लागते. बाहेर जाणारी वाट या डांबराने तुंबू नये म्हणून ती रुंद ठेवावी लागते आणि तिच्याकडे लक्ष असावे लागते. ६०० अंशांच्या वर हायड्रोजन निघत राहतो आणि कर्बाची कडी एकमेकांना जोडली जातात. साधारण ८०० ते ९०० अंशांवर दोन तास ठेवून मग नायट्रोजनमध्येच थंड होऊ द्यायचे. निदान शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत नळी उघडायची नाही, कारण नुकताच बनलेला गरम सच्छिद्र कोळसा हवा लागताच पेटू शकतो. मण्यांचे वजन जवळजवळ निम्मे होते, आकार लहान होतो, रंग काळा होतो. पण गोलपणा तसाच राहतो. नौकेतून ते काळे, टणक, खळखळ वाजणारे मणी पहिल्यांदा तळहातावर घेतले तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

सक्रियीकरण, म्हणजे तयार कोळशात आणखी छिद्रे पाडणे, मी मर्यादितच केले. ९०० अंशांवर कार्बन डायऑक्साइड सोडला की तो कोळशातील कर्ब खात कार्बन मोनॉक्साइड होतो आणि भिंतींमध्ये सूक्ष्म छिद्रे पडतात. मोनॉक्साइड विषारी असल्याने बाहेर जाणारा वायू थेट निष्कासन नलिकेत नेणे आणि खोलीत त्याचा इशारा देणारे यंत्र चालू ठेवणे अनिवार्य असते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून भाजले तर पृष्ठफळ दोन हजारांच्याही वर नेता येते, आणि वायू साठवण्यासाठी किंवा सुपरकपॅसिटरसाठी ते योग्यही आहे. पण त्यात मिळणारी वाढ जवळजवळ सगळी सूक्ष्म छिद्रांची असते, क्वार्ट्झची नळी झिजते, आणि शेवटी पाण्याने धुताना आत उरलेल्या धातुरूप पोटॅशियममुळे आग लागण्याचा धोका असतो. ज्या छिद्रांत रंग शिरणारच नाही ती वाढवण्यासाठी मण्यांचे बळ खर्चणे मला पटले नाही.

मोजणीसाठी नमुना आधी निर्वातात तापवून आतला ओलावा आणि वायू काढायचे, मग द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंशांवर, नायट्रोजन थोडा थोडा देत किती शोषला जातो ते नोंदवायचे. ब्रुनॉर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या समीकरणातून पहिल्या थरातील रेणूंची संख्या काढतात. प्रत्येक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असे धरले की पृष्ठफळ मिळते. करवंटीच्या कोळशाचा आलेख सुरुवातीलाच उभा चढून सपाट होतो. माझ्या मण्यांचा आलेख हळूहळू चढत राहिला, आणि उतरताना वेगळ्या वाटेने उतरला. चढती आणि उतरती वाट यांच्यामधला हा फास मध्यम छिद्रांची खूण आहे. एकूण पृष्ठफळ करवंटीपेक्षा कमी भरले, आणि अहवाल पाहणाऱ्या काहींनी त्यावर नाराजीही दाखवली. मात्र काळ्या रंगाच्या द्रावणात त्याच मण्यांनी करवंटीच्या कोळशाला स्पष्टपणे मागे टाकले. पृष्ठफळाचा आकडा हा नायट्रोजनने दिलेला असतो. आपल्याला रंग काढायचा असेल तर रंगालाच विचारले पाहिजे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

काचेच्या उभ्या नळीत, म्हणजे स्तंभात, मणी भरून पाणी वरून सोडले, तेव्हा ते विनासायास खाली उतरले. सुरुवातीला खालून निर्मळ पाणी येते, रंगाचा पट्टा थरातून हळूहळू खाली सरकतो आणि एका क्षणी खालच्या थेंबात छटा दिसू लागते. तो क्षण कधी येतो यावर स्तंभाची उंची आणि पाण्याचा वेग ठरवायचा असतो. खऱ्या सांडपाण्यात दोन गोष्टी अधिक लक्षात घ्याव्या लागल्या. रंगणीत सोडा ॲश वापरल्याने त्याचा पीएच १० च्या पुढे असतो, अशा पाण्यात कोळशाचा पृष्ठभाग ऋणभारित होतो, आणि रंगाचा रेणूही ऋणभारितच असल्याने दोघे एकमेकांना दूर सारतात. म्हणून पाणी आधी उदासीन करून घेतले की परिणाम पुष्कळ सुधारतो. उलट, रंगणीसाठी घातलेले मीठ, जे इतर शुद्धीकरणात नडते, ते इथे मदत करते, कारण त्याचे आयन मधले विद्युत प्रतिकर्षण झाकून टाकतात. स्तंभातून निघालेले पाणी रंगहीन असले तरी खारट असते, आणि ते मीठ कोळसा काढत नाही, हेही प्रोसेस हाउसमध्ये पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणे मी आवश्यक मानते.

भरलेले मणी सौम्य कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने) धुतले की रंगाचा मोठा भाग सुटतो, उरलेला नायट्रोजनमध्ये पुन्हा तापवून जातो. मणी फुटत नाहीत, ही जाड भिंतींच्या जेलची कमाई. अडचण रिसॉर्सिनॉलच्या किमतीची आहे. ते महाग आहे, आणि त्याच्या जागी झाडांच्या सालीतील टॅनिन वापरणे हा सध्याचा प्रयत्न आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा दोन्ही पूर्वापार वापरतात, म्हणून मी दोहोंकडे पाहिले. हिरड्यातील टॅनिन पाण्याने सहज विघटित होणाऱ्या जातीचे असल्याने फॉर्माल्डिहाइडशी त्याचे जाळे नीट जुळत नाही. बाभळीच्या सालीतील संघनित टॅनिनमध्ये रिसॉर्सिनॉलसारखीच क्रियाशील कडी असतात, त्यामुळे त्याचा जेल होतो. तिथे छिद्रांचे माप कार्बोनेटच्या प्रमाणाऐवजी द्रावणाच्या पीएचवरून जुळवावे लागते, आणि सालीच्या अर्कातील साखर व डिंक आधी काढले नाहीत तर मणी ठिसूळ निघतात. सध्या अर्क स्वच्छ करण्याची स्वस्त पद्धत बसवण्यावर काम चालू आहे.